सहा फुटांचं पाणी

चार्ल्सटनच्या बंदरात भरतीचं पाणी सहा फुटांवर चढणार असं ज्या दिवशी तक्त्यात लिहिलेलं असतं, त्या दिवशी या गावातली दोन तऱ्हेची माणसं तो तक्ता पुन्हा पुन्हा बघतात. पहिल्यांची घरं सखल भागात आहेत. सात फुटांना शहरातल्या खालच्या रस्त्यांवर पाणी यायला लागतं, आणि अमावास्या-पौर्णिमेला ईशान्येचा वारा सुटला तर तक्त्यातल्या सहाचे सात कधी होतील याचा नेम नसतो. ही माणसं गाड्या चढावर नेऊन लावतात. दुसऱ्या तऱ्हेची माणसं तोच आकडा बघून खूश होतात, ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगतात आणि गाडीच्या टपावर कयाक बांधून खाडीकडे निघतात. सहा फुटांना रेडफिश नावाचा मासा गवतात शिरतो. माझं घर सखल भागात आहे आणि टपावर कयाकही आहे, त्यामुळे मी तो तक्ता दोन्ही बाजूंनी वाचते.

हे फूट मोजतात ते ओहोटीच्या तळापासून. रोजच्या दोन ओहोट्यांतली जी अधिक खाली उतरते, तिची वर्षानुवर्षांची सरासरी म्हणजे शून्य. तिथून इथली भरती एरवी पाच-साडेपाच फूट चढते, खाडीकाठच्या उंच गवतात घुसते आणि थांबते. त्यापलीकडे थोडं वर एक मैदान असतं, आखूड गवताचं, बऱ्यापैकी घट्ट जमिनीचं. भांगाच्या दिवसांत पाणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. उधाणाला मात्र तीच भरती आणखी अर्धा फूट उचलते आणि ते मैदान आधी घोटाभर, मग पोटरीभर पाण्याखाली जातं. तास, फार तर दीड तास. मग पाणी फिरतं. सगळा खेळ त्या वरच्या अर्ध्या फुटाचा.

साउथ कॅरोलायनाच्या या किनाऱ्याला लोकंट्री म्हणतात. अॅशली, कूपर, स्टोनो, एडिस्टो या नद्या इथे समुद्राला मिळण्याआधी इतक्या रेंगाळतात, इतक्या फाट्यांत विखुरतात, की नदी कुठे संपली आणि खाडी कुठे सुरू झाली हे नकाशा काढणाऱ्यालाच ठाऊक. मधे जेम्स, जॉन्स, वॉडमलॉ, किआवा अशी बेटं, आणि बेटांच्या मधल्या सगळ्या जागेत गवत. कोकणातल्या आचऱ्याच्या खाडीकाठी लहानपण गेलेल्या माणसाला इथे आधी चुकल्याचुकल्यासारखं होतं ते झाडांवाचून. आमच्याकडे खाडी म्हटली की कांदळवन आलं. चिपी, तिवर, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, भर दुपारीही काळसर सावली. इथे हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या खाली उतरतो आणि कांदळाला ते सोसत नाही. म्हणून खारं पाणी पेलायचं काम एका गवताने अंगावर घेतलंय. स्पार्टिना त्याचं नाव. उन्हाळ्यात हिरवंगार, शरदात पिवळं, आणि नजर पोचेल तिथवर तेच. आडोसा नाही. आकाश जरुरीपेक्षा जास्त.

त्याचं पान डोळ्यांजवळ धरलं की पात्यावर मिठाचे कण दिसतात. तिवराच्या पानावरही असतात. आजी आम्हाला ते जिभेला लावून बघायला सांगायची. शोषलेलं मीठ पानातून बाहेर टाकायची युक्ती त्या झाडाने आणि या गवताने एकमेकांना न विचारता काढली आहे. देठांवर इंचभर लांबीच्या पांढुरक्या गोगलगायी असतात. ओहोटीला त्या खाली चिखलात चरतात, आणि पाणी चढू लागलं की देठ धरून वर सरकतात, कारण पाण्याबरोबर निळे खेकडे येतात आणि त्यांना गोगलगायी आवडतात. मी घड्याळापेक्षा गोगलगायींकडे बघते.

चिखलाचा वास येतोच. इथले लोक त्याला प्लफ मड म्हणतात आणि त्याविषयी हळवे असतात. परगावी राहून आलेला माणूस पुलावर गाडीची काच खाली करून तो छातीत भरून घेतो. वास सडक्या अंड्याचा. हवा न पोचणाऱ्या चिखलात जिवाणू कुजक्या गवताचा फडशा पाडतात, त्यातून सुटणाऱ्या वायूचा. उत्तरेकडून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला तो वास शिकावा लागला नाही.

रेडफिश म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तांबोशी येईल, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. हा घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. रंग तांब्याचा, पोटाकडे पांढरट, शेपटीच्या कडेला निळसर झाक आणि शेपटीच्या बुडाशी एक काळा ठिपका. कधी दोन, कधी अंगभर. ठिपका डोळ्यासारखा दिसतो, त्यामुळे मागून येणारा शिकारी चुकीच्या टोकाला तोंड घालतो, असं म्हणतात. घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी, जिला आपण बोत म्हणतो, ती सुकवून पूर्वेकडच्या देशांत केवढ्या भावाने जाते हे कोकणात पोरासोरांनाही माहीत असतं. 2021 मध्ये पालघरकडच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ लागले आणि त्यांचे कोटीहून जास्त रुपये आले, ती बातमी आचऱ्याहून मामाने मला फोनवर सगळीच्या सगळी वाचून दाखवली होती, जणू बोट त्याचीच. रेडफिशच्या पोटातल्या पिशवीला असा भाव नाही. तिचा उपयोग नर ढोलासारखा करतात. उन्हाळा सरता सरता, तिन्हीसांजेला, खाडीच्या मुखाशी माद्या जमतात आणि नर पोटाचे स्नायू त्या पिशवीवर थरथरवून घुमतात. इंग्रजीत त्याला रेड ड्रमही म्हणतात ते त्यामुळे.

त्या घुमण्यातून झालेली पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि पहिली तीन-चार वर्षं या गवताच्या आश्रयाने काढतात. मग मोठी होऊन बाहेर समुद्रात जातात आणि तिथे माणसाला लाजवेल इतकं जगतात. अटलांटिकमध्ये साठीपर्यंत पोचलेले रेडफिश सापडले आहेत. गळाला लागलेला आजवरचा सर्वांत मोठा 94 पौंडांचा, 1984 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एव्हन गावच्या किनाऱ्यावर. म्हणजे गवतात घुसून शेपट्या हलवणारे, ज्यांच्यापायी मी पोटदुखीची कारणं सांगते, ते सगळे अजून पोरसवदा.

त्यांच्यापर्यंत पोचायला कयाक लागते कारण बाकी काही पोचत नाही. मोटारबोटीला पाणी पुरत नाही, आणि पुरलं तरी तिचा आवाज आधी पोचतो. पायी जायचं तर मधे कमरेएवढा चिखल आणि कालवांचे खडक, ज्यांच्या कडा बुटाचा तळ कापतात. कयाकला चार-सहा इंच पाणी झालं तर चालतं. आर्क्टिकमधल्या लोकांनी सीलच्या कातड्याची ही होडी सीलच्याच शिकारीसाठी केली. माझी प्लास्टिकची आहे, रंगाने गढूळ हिरवी, आणि तिच्या पोटावर कालवांनी ओढलेल्या इतक्या रेघा आहेत की विकायला काढली तर कुणी घेणार नाही. तिचा मोठा गुण म्हणजे ती गवतात शिरली की गवत तिच्यामागे पुन्हा मिटतं.

आता तिच्यात बसून फ्लाय टाकायची, हा शुद्ध आडमुठेपणा. आपल्याकडे गरवायचं म्हणजे गरीला आमिष आणि शिसं लावायचं, हात मागे नेऊन भिरकावायचं. वजन पुढे जातं, दोरी त्याच्यामागे जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसतं. कोंबड्याचं पीस, हरणाच्या शेपटीचे केस, थोडं चमचमतं सूत, सगळं गळावर दोऱ्याने आवळून बांधलेलं. वजन असतं ते दोरीत. जाडसर, लेप दिलेली, पाण्यावर तरंगणारी ती दोरी हवेत मागे फेकायची, ती पाठीमागे पुरती उलगडेपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे. ते थांबणं हीच सगळी विद्या. नऊ फुटी काठीने उभ्या माणसाला ते सोपं जातं. कयाकमध्ये बूड पाण्याच्या पातळीला असतं, पाठीमागे गवत डोक्याइतकं, आणि दोरी जरा खाली आली की गवत ती धरून ठेवतं. काही लोक रुंद कयाकमध्ये उभे राहून टाकतात. मी बसूनच टाकते आणि खांदा दुखवून घेते.

फ्लाय म्हणजे माशी, पण रेडफिश माशा खात नाही. त्याच्यासाठी खेकडा, कोळंबी नाही तर बारका मासा बांधावा लागतो. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर लोकांना मासेमारीला घेऊन जाणाऱ्या बॉब क्लाउझरने 1987 मध्ये गळाच्या दांडीवर शिशाच्या दोन डोळ्यांची जोडी बांधली. त्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर करून चालतो, आणि तळाच्या काडीकचऱ्यात अडकत नाही. ही फ्लाय केली होती गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी. आज खाऱ्या पाण्यात क्वचितच एखादी पेटी असेल जिच्यात ती नाही. गवतासाठी मी तिला पुढून ताठ नायलॉनचा एक वळसा घालते, म्हणजे गळ पाती सोडून देतो. हिवाळ्यात रात्री जेवणाच्या टेबलावर बसून हे उद्योग चालतात आणि पुढचे दोन दिवस भातात हरणाचे केस निघतात.

सप्टेंबरातलं उधाण सगळ्यांत चांगलं. ऊन उतरलेलं असतं, पाणी अजून उबदार असतं आणि पूर्ण भरती साधारण सूर्यास्ताच्या आगेमागे येणारे दिवस तक्त्यात शोधून ठेवलेले असतात. स्टोनो नदीच्या एका फाट्यातून आत गेलं की असं एक मैदान आहे. कुठला फाटा ते या छंदातलं कुणी सांगत नाही, तेव्हा मीही सांगत नाही. भरतीला दोन तास असताना तिथे पोचावं आणि काठाशी कयाक चिखलात टेकवून बसावं. समोर मैदान अजून उघडं असतं आणि त्यावर शेकडो बारके खेकडे. नराची एक नांगी उरलेल्या अंगापेक्षा मोठी. ती वरखाली करत तो बिळाच्या तोंडाशी उभा असतो, मादीने बघावं म्हणून. इतक्या नांग्या एकदम हलतात की जमीनच हलल्याचा भास होतो. गवतात मार्श हेन ओरडते, दुसरी तिला उत्तर देते, आणि मग सगळं मैदान एकदम कलकल करून गप्प होतं. ती दिसत कधीच नाही.

पाणी आधी ऐकू येतं. बिळांतून हवा बाहेर पडते, बुडबुडे फुटतात, आणि मैदानातल्या नख रुतेल न रुतेल अशा घळींतून चकाकती बोटं आत सरकायला लागतात. खेकडे बिळात जाऊन वरून चिखलाचं बूच लावतात. ज्यांना उशीर होतो त्यांच्यासाठीच रेडफिश येतो. गोगलगायी वर चढतात. कयाक हलकेच सुटते. मासा आधी मासा म्हणून दिसत नाही. वारा नसताना गवताची एक ओळ हलते. मग पाण्याला उंचवटा येतो, तो उंचवटा चालू लागतो, आणि इतक्या कमी पाण्यात आलेल्या माशाची पाठ उघडी पडते. मग तो थांबतो, तोंड खाली खुपसतो, आणि शेपटी वर येते. भाताच्या खाचरात लावणीला ओणवं झालेलं माणूस बांधावरून दिसतं तसं, कामात गढलेलं, आपण कुणाला दिसतो आहोत याचं भान नसलेलं. मावळतीचा उजेड त्या शेपटीच्या ओल्या कडेवर पडतो. पहिली दिसली की मग दुसरी, तिसरी, पलीकडे आणखी दोन.

इथे हात थरथरतो. कितीही वर्षं गेली तरी थरथरतो, आणि ज्या दिवशी तो थरथरणार नाही त्या दिवशी काठी विकून टाकावी. तीस फुटांवर मासा आहे. फ्लाय त्याच्या डोक्यावर पडली तर तो जाईल, दोन हात लांब पडली तर त्याला दिसणार नाही. पाणी त्याने स्वतःच गढूळ केलेलं असतं. शेपटी खाली जाते तेव्हा तो कुठल्या बाजूला निघणार याचा अंदाज करायचा आणि त्याच्या वाटेवर वीतभर पुढे ठेवायची. मी ठेवते. तो फ्लायवरून निघून जातो, सावकाश, काहीच न घडल्यासारखा, आणि पाच फुटांवर पुन्हा ओणवा होतो. बहुतेक वेळा हेच होतं. एकाच शेपटीमागे भरती संपेपर्यंत फिरण्यात गेलेल्या संध्याकाळी मी वाया गेलेल्या धरत नाही.

कधीतरी तो वळतो. पाण्यातला उंचवटा फ्लायकडे येतो, गवत थबकतं, आणि दोरीत एक जडपणा भरतो. त्या क्षणी काठी वर उचलायची नाही. डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची, कारण काठी उचलली तर गळ त्याच्या तोंडातून सुटून येतो. गळ लागला की मैदान फाटतं. मासा खाडीकडे सुटतो, दोरी गवताची पाती कापत त्याच्यामागे जाते, रीळ किंचाळतं आणि कयाकचं तोंड आपोआप त्याच्याकडे वळतं. तो तिला ओढत नेतो. वल्हं मांडीवर आडवं असतं, त्याला हात लावायला सवड नसते, आणि मी, चांगली वयाने वाढलेली बाई, एका तीन वर्षांच्या माशामागे मागल्या दाराने खाडीत जाते.

हे सगळं मी एकदा मामाला फोनवर सांगितलं. शेवटी, जवळ आलेल्या माशाला पाण्यातच धरलं, गळ काढला, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवलं आणि त्याने शेपटी मारल्यावर सोडला, इथवर आल्यावर तिकडे शांतता पसरली. मग मामा म्हणाला, "चेडवा, खावचो नाय तर गरवतस कित्याक?"

मी त्याला तेव्हा बरंच काही सांगितलं. गळाचा काटा चेपून घेतलेला असतो, म्हणून जखम लहान होते. कायद्याने इथे ठरावीक लांबीपेक्षा लहानही ठेवता येत नाही आणि मोठाही नाही, कारण मोठे पुढे जाऊन अंडी घालणार. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असताना मी माशाला फार खेळवत नाही. सगळं खरं होतं आणि यातलं एकही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मामा पाग टाकून आयुष्य काढलेला माणूस. त्याच्या हिशेबात मासा आणि माणूस यांच्यात भुकेचा संबंध आहे आणि तो स्वच्छ आहे. भूक नसताना कुणाच्या तोंडात गळ अडकवून त्याला दमवायचं आणि मग उपकार केल्यासारखं सोडायचं, याला तो जे नाव देईल ते मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की गळ नसता तर मी हे इतकं बघितलं नसतं. नुसती बघायला गेले असते तर अर्ध्या तासात परत आले असते. हे समर्थन म्हणून लंगडं आहे. पण उधाण आलं की मी जाते.

इथल्या धक्क्यावर मामाच्या जातीची माणसं भेटतात. गलागीची समाजातले एक वयस्क गृहस्थ ओहोटीला तिथे उभे असतात. त्यांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेले. जाळ्याची दोरी मनगटाला, कडेचा एक भाग दातांत, आणि मग कमरेतून अशी गिरकी की जाळं हवेत पुरतं गोल होऊन पडतं. पाग हुबेहूब अशीच पडते. खाली येतात ते शेवटे, आमच्याकडचेच वाटावेत असे. ते गृहस्थ माझ्या काठीकडे बघतात, मी सोडून दिलेल्या माशाची हकिकत ऐकतात, आणि तोंडाने काही बोलत नाहीत. बोलले असते तर मालवणीतच बोलले असते असं मला वाटतं.

त्यांच्या पूर्वजांनी या खाडीचं काय केलं ते भरती पूर्ण असताना कयाकमधून दिसतं. गवताच्या मधोमध सरळ रेषा. निसर्ग इतकं सरळ काही करत नाही. ते भाताचे बांध आहेत. अठराव्या शतकात हा किनारा तांदळावर श्रीमंत झाला, आणि तो तांदूळ कसा पिकवायचा हे मालकांपेक्षा भातशेतीच्या प्रदेशातून आणलेल्या गुलामांना जास्त कळत होतं. नदीच्या वरच्या भागात भरती गोडं पाणी मागे रेटून उचलते. ते उचललेलं पाणी शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं, त्यासाठी बांधात लाकडी दारं बसवलेली. सुरुवातीला पोकळ केलेले ओंडकेच वापरत, म्हणून अजून त्या दाराला ट्रंक म्हणतात. गोव्याच्या खाजणात मानस असते, रायगडात उघाडी, ती खारं पाणी बाहेर ठेवायला. काम उलटं, पण दार तसंच, भरती-ओहोटीच्या जोरावर मिटणारं नि उघडणारं. आमच्याकडे बांध फुटला तर गाव रात्रीबेरात्री कुदळी घेऊन धावतं, कारण भात गावाचा असतो. इथे मैलोन्मैल चिखल माणसांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून उपसला, हिवतापाने मेली, आणि भात जहाजात चढला. 1739 मध्ये याच स्टोनोच्या काठावर गुलामांनी बंड केलं आणि ते रक्तात बुडवलं गेलं. यादवी युद्धानंतर आणि नंतरच्या वादळांत ती शेती संपली. फुटक्या बांधांतून आता भरती हवी तशी आतबाहेर करते, आणि ओहोटीला त्या खिंडारांच्या तोंडाशी रेडफिश तोंड वर करून उभे असतात, आतून वाहत येणाऱ्या कोळंबीसाठी. मासेमारीला ती फार उत्तम जागा आहे. तिथे मी गेले आहे, मासेही लागले आहेत. हल्ली त्या बाजूला वल्हं कमी वळतं.

माशाचीही एकदा गाळण उडाली होती, आणि ती पाककृतीमुळे. न्यू ऑर्लीन्सचे आचारी पॉल प्रुडोम यांनी 1979 मध्ये उघडलेल्या आपल्या खानावळीत रेडफिशचा तुकडा लोण्यात बुडवून, मसाल्यात घोळवून, धूर निघेपर्यंत तापवलेल्या बिडाच्या तव्यावर काळा करायला सुरुवात केली. आमच्या घरात मासा असा ताटात आला असता तर आईने तवा बदलायला सांगितलं असतं. पण अमेरिकेला त्याचं वेड लागलं. शहराशहरांतून मागणी आली, आणि मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणाऱ्या मोठ्या माशांचे थवेच्या थवे जाळ्यांनी उचलले गेले, इतके की 1980च्या दशकातच तिथली खोल समुद्रातली रेडफिशची मासेमारी थांबवावी लागली. 2007 च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केंद्राच्या हद्दीतल्या समुद्रात धरलेला रेडफिश विकू नये असा आदेश काढला. साउथ कॅरोलायनात तर खाडीतला रेडफिश विकताच येत नाही. हॉटेलात मिळतो तो बहुतेक तळ्यात वाढवलेला. मसाल्याने एखादी जात संपायला आली आणि सरकारी कागदाने वाचली, असं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

दरम्यान भरत्या वाढताहेत. गेल्या शतकभरात चार्ल्सटनच्या बंदरातली समुद्राची पातळी फुटाहून जास्त चढली आहे. काही समुद्र वर आला, काही जमीन खचली. अर्ध्या फुटावर सगळा खेळ असलेल्या ठिकाणी एक फूट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पूर्वी वर्षातून मोजक्या वेळा भिजणारं ते मैदान आता जास्त वेळा भिजतं. माझ्यासारख्यांच्या मोसमात संध्याकाळी वाढल्या आहेत आणि त्याचा आनंद मला होतो, हे लिहिताना जरा अवघडतं, कारण त्याच संध्याकाळी माझ्याच गल्लीच्या तोंडाशी गटारातून वर आलेलं खारं पाणी उभं असतं. गवताला मागे सरकून वाचता येतं; ते हजारो वर्षं तेच करत आलंय, गाळ धरायचा, उंच व्हायचं, मागे सरायचं. पण मागे आता रस्ता आहे, संरक्षक भिंत आहे, माझं घर आहे. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "उधाणाच्या पाण्यार मासो चढता. माणसान चढू नये." आमच्या आचऱ्यातही घरं खाडीच्या किती जवळ आली आहेत ते त्याला ठाऊक आहे. त्याचंच एक आहे.

पाणी फिरलं की मासे आधी जातात. शेपट्या एकाएकी दिसेनाशा होतात, गवतातून उंचवटे खाडीकडे निघतात, आणि नवशिक्या माणसाला वाटतं, अजून पाणी आहे की, थोडं थांबू. थांबू नये. दहा मिनिटांत कयाक पात्यांवर टेकते आणि मग पुढची भरती येईपर्यंत डास आणि आपण. मी माशांबरोबरच निघते.

सगळेच सोडते असं मात्र नाही. कधीतरी कायद्याच्या मापात बसणारा एखादा घरी येतो. माझे शेजारी निवृत्त गृहस्थ आहेत, ते त्याची खवलं न काढता दोन फाळी करतात आणि खवल्यांची बाजू खाली करून निखाऱ्यावर ठेवतात. खवलं इतकी राठ की आतलं मांस जळत नाही, कालव अर्ध्या शिंपल्यात भाजावं तसं त्याच्यातच शिजतं. वरून लोणी, लिंबू. चांगलं लागतं. मी माझ्या फाळीचं तिखलं केलं, तिरफळं घालून, आणि ते जमलं नाही. तिरफळं बांगड्यालाच शोभतात. या माशाला अंगचं तेल कमी, त्याच्यावर ती नुसती चढून बसतात. पुढच्या खेपेला कोकम घातलं, ओलं खोबरं सढळ वाटलं, तिरफळांना सुट्टी दिली, आणि भात दोनदा लावावा लागला.

हे मी मामाला सविस्तर कळवलं. कयाक, गवत, शेपट्या, फ्लाय यांच्या हकिकतींना तो कधी हुं म्हणत नाही. या हकिकतीला मधेमधे हुं म्हणत होता. शेवटी त्याने विचारलं, "आणि टकली? टकली खंय टाकलास?"

टकली शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात जायच्या आत मी मागून घेतली होती आणि तिचं सार केलं होतं. गालांतलं मांस, डोळ्यांमागचा मऊ भाग, सगळं कसं निघालं ते ऐकून घेतल्यावर तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मग मामाने घसा साफ केला आणि या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या सामानाची चौकशी केली.

"बरा," तो म्हणाला. "ती दोरी कसली ता सांग."